चार वर्षं तुम्ही भिंत ऐकत होतात

नमस्कार ताई,

वय ५४. प्रश्न वाचून हसाल, पण घरात कुणाला विचारायची सोय नाही म्हणून तुम्हाला लिहितोय. मला रॅप आवडत नाही. म्हणजे नुसतं आवडत नाही असं नाही, नातेवाइकांत मी त्यासाठी फेमस आहे. ‘ज्यांना गाता येत नाही त्यांची सोय म्हणजे रॅप’ हा माझा डायलॉग, चार लोक जमले की कुणीतरी तो माझ्याकडून वदवून घेतंच. माझी मुलगी १९ वर्षांची, तिला नेमकं हेच आवडतं. घरी होती तेव्हा चार वर्षं तिच्या खोलीचं दार बंद, आतून धप धप धप, आणि बाहेरून मी, ‘बंद कर ती कटकट’. आता ती शिकायला बाहेर असते. तिचा स्मार्ट स्पीकर इथेच राहिलाय, तिच्याच अकाउंटवर चालतो.

महिन्यापूर्वी इस्त्री करत होतो. जुनी गाणी लाव म्हटलं, यंत्राने काय ऐकलं देव जाणे. सुरुवातीला जुन्या रेकॉर्डची खरखर आली, कुणीतरी छान सुरात गात होतं, म्हटलं लागलं आपलं. पुढे कळलं की फसलो, तो केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ हा अल्बम निघाला. पण हातात गरम इस्त्री आणि समोर शर्टांचा ढीग, कोण उठणार, चालू राहिलं. शेवटी तो कुणाशीतरी बोलत असतो, काहीतरी वाचून दाखवतो, तुला काय वाटतं विचारतो आणि समोरून उत्तरच येत नाही. हाक मारतो, तरी नाही. आणि संपतंच. मी इस्त्री उभी करून तसाच उभा.

तेव्हापासून सहा वेळा पूर्ण ऐकलाय. बायको बाहेर गेली की लावतो. (स्पीकर जरा खराब आहे, सुरुवातीला मधेच आपोआप बंद पडायचा, परत लावावा लागायचा. आताशा बरा चालतो.) दुसरे दोन-तीन रॅपवाले लावून बघितले, अर्ध्या मिनिटात बंद केले, नाहीच ऐकवत. मग हे एकच का आवडलं? इतकी वर्षं मी चुकीचं बोलत होतो का? की मी ढोंगी? शिव्याही आहेत हो त्यात. आणि मुलीला सांगू का? सांगितलं तर जन्मभर ऐकवेल.

— एक चोरून ऐकणारा


अहो चोरून ऐकणारे,

आधी हिशेब करू. तो अल्बम साधारण ७९ मिनिटांचा आहे. सहा वेळा म्हणजे ४७४ मिनिटं, जवळपास आठ तास झाले. आठ तास माणूस चुकून काही ऐकत नाही, इस्त्रीही एवढी नसते कुणाच्या घरी. तेव्हा ‘आवडलं की काय’ हा प्रश्न आपण इथेच बाद करू, आवडलंय.

आता ढोंगीपणाचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीय, ती म्हणजे बंद दार आणि आतून येणारं धप धप धप. बंद दारातून आणि भिंतीतून आवाज सगळा सारखा येत नाही. खालचे, जाडे आवाज आरपार निघून येतात, आणि बारीक, धारदार आवाज तिथेच अडकतात. बोलण्यात शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, ते स, ट, क, प, च असे जे खटके असतात त्यांच्यामुळे, आणि भिंत नेमकी तेच खाऊन टाकते. म्हणून शेजारच्या खोलीत कुणी बोलत असलं तर बाई बोलतेय की पुरुष, रागावलाय की हसतोय एवढं कळतं पण काय म्हणतायत ते कळत नाही. आता बघा, रॅपमध्ये जे काही घडतं ते जवळपास सगळं त्या खटक्यांत घडतं. शब्द कुठे पडला, कुठे अडवला, कुठल्या शब्दाला कुठला शब्द आपटला. ते सगळं तुमच्या मुलीच्या खोलीतच राहिलं आणि तुमच्यापर्यंत आला तो फक्त बास. म्हणजे चार वर्षं तुम्ही रॅप ऐकलंच नाही हो, तुम्ही भिंत ऐकत होतात. आणि भिंत कंटाळवाणी असते याबद्दल तुमचं मत शंभर टक्के बरोबर होतं.

गंमत नाही करत. एखाद्या गोष्टीबद्दल ‘मला आवडत नाही’ म्हणताना आपण काय ऐकलं होतं हे आपण कधी बघतच नाही. शेजारून जाणाऱ्या गाडीतून आलेलं तीन सेकंदांचं काहीतरी, जाहिरातीत तोडून घातलेला तुकडा, कुणाच्या तरी फोनवर वर-वर सरकत जाणाऱ्या रील्स, आणि तुमच्या बाबतीत ती खोली. हे सगळं मिळून आपण एक ‘रॅप’ नावाचं गाठोडं बांधतो आणि मग त्या गाठोड्याबद्दल ठाम मत. मीही बांधलं होतं, पुढे सांगते.

पण म्हणून तुमचा डायलॉग बरोबर ठरतो असं नाही, तो चुकीचाच आहे. आणि नुसता खवचट आहे म्हणून नाही, तो माहितीच्या बाजूने चुकीचा आहे. तुमचा आक्षेप असा की यांना गाता येत नाही म्हणून बोलतात. पण हे प्रकरण गाण्यातून निघालंच नाही मुळी. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली एक इमारत, १५२० सेजविक अव्हेन्यू, तिथल्या खालच्या हॉलमध्ये एका मुलीने शाळा सुरू व्हायच्या आधी पार्टी ठेवली होती आणि रेकॉर्डी लावायला होता तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलेलं की गाणं चालू असताना मधे एक जागा येते, गायक गप्प होतो, बाकी वाद्यंही थांबतात आणि नुसता ड्रम आणि ठेका उरतो, आणि नाचणारी पोरं त्याच जागेची वाट बघत असतात. मग तो ती जागाच लांबवायला लागला. त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती, दोन टर्नटेबल, एकीवरची जागा संपली की दुसरीवर तीच पुन्हा सुरू. आणि त्यावर माइकवरून पोरांना चेव आणायला काहीबाही बोलणं. ते बोलणं वाढत वाढत जे झालं ते रॅप. म्हणजे मुळात गायक गप्प झाला त्या जागेत हे उगवलंय. तिथे जाऊन ‘सूर कुठाय’ विचारणं म्हणजे कुस्ती बघायला जाऊन गोल किती झाले विचारण्यासारखं आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न, हेच का आवडलं.

याचं अर्धं उत्तर सोपं आहे आणि त्याने तुम्हाला जरा बरं वाटेल. तुम्ही ज्या दारातून आत गेलात ते तुमच्यासारख्यांना सोयीचंच दार होतं. त्या अल्बममध्ये जॅझवाले भरलेत. कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन, थंडरकॅटचा बास, रॉबर्ट ग्लॅस्परचा पियानो, टेरेस मार्टिन. सुरुवातीची ती खरखर आणि ते गाणं खरंच जुनं आहे, सत्तरच्या दशकातलं, उचलून तिथे बसवलंय, म्हणजे तुमचा स्पीकर तुम्ही समजताय तेवढा बहिरा नाही. आणि तो एक डॉलर मागणाऱ्या भिकाऱ्याचं गाणं आठवत असेल, त्याच्या शेवटी जो म्हातारा सुरेल आवाज येतो तो रोनाल्ड आयझलीचा, १९४१ सालचा जन्म, पन्नासच्या दशकापासून गातोय. म्हणजे तुमच्या आवडीची माणसं तिथे आधीपासून बसलेली होती, तुम्ही त्यांच्यासाठी थांबलात आणि थांबल्या थांबल्या बाकीचं ऐकू आलं.

पण निम्मंच उत्तर आहे हे. नुसत्या जॅझसाठी थांबायचं तर जॅझच लावलं असतंत. उरलेलं निम्मं म्हणजे इस्त्री. खरंच सांगते, त्या अल्बमची रचना अशी आहे की तो अख्खा ऐकला तरच उलगडतो, आणि हल्ली अख्खं कोण ऐकतं. त्यात एक कविता आहे, आठवतंय का, गाणं संपलं की तो एक-दोन ओळी म्हणतो आणि थांबतो. पुढच्या वेळी त्याच ओळी पुन्हा म्हणतो आणि एखाद-दोन वाढवतो. मग अजून थोड्या. पहिल्यांदा ऐकताना वाटतं हे काय तेच तेच लावलंय, आणि अगदी शेवटच्या ट्रॅकवर ती पूर्ण म्हणून होते तेव्हा कळतं की तो इतका वेळ कुणालातरी वाचून दाखवत होता. ज्याला वाचून दाखवतोय तो टुपाक शकूर, रॅपमधलं मोठं नाव, सप्टेंबर १९९६ मध्ये गोळीबारात गेला. अल्बम आला मार्च २०१५ मध्ये. टुपाकचा आवाज १९९४ च्या एका रेडिओ मुलाखतीतून घेतलाय आणि केंड्रिकचे प्रश्न त्याच्यामध्ये असे बसवलेत की दोघं समोरासमोर बसलेत असंच वाटावं. मग केंड्रिक त्याला सुरवंट आणि फुलपाखराबद्दलचं काहीतरी वाचून दाखवतो, तुला काय वाटतं म्हणतो, आणि तिथे मुलाखतीची टेप संपलेली आहे. मेलेला माणूस जितका वेळ बोलू शकत होता तितका वेळ बोलला.

तुम्ही इस्त्री उभी केलीत ती जागा ही. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं आणि तरी कळलं की समोरून उत्तर यायला हवं होतं आणि आलं नाही. ज्याला ‘गाता येत नाही’ त्याने हे तुमच्याकडून नुसत्या बोलण्यातून काढून घेतलं. (तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मी २७ व्या वर्षी काय करत होते ते नको विचारायला.)

आता बाकीचे का नाही आवडले. तुम्ही लिहिलंय अर्ध्या मिनिटात बंद केले. रॅपमध्ये एक कडवं साधारण सोळा बारचं धरतात, एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे ६४ मात्रा झाल्या. मिनिटाला ९० चा वेग धरला, जो अगदी नेहमीचा आहे, तर तेवढ्याला सुमारे ४३ सेकंद लागतात. वर सुरुवातीचं म्युझिक वेगळं. म्हणजे तुम्ही पहिलं कडवंही पूर्ण होऊ दिलेलं नाहीत! दहा-बारा सेकंद वाजवणं, मग कडव्याचा पहिला तुकडा, आणि खटका बंद. ख्यालाच्या मैफलीतून कुणी आलापाच्या तिसऱ्या मिनिटाला उठून गेला आणि म्हणाला यात काही घडतच नाही, तर तुम्ही त्याला काय म्हणाल ते मला ऐकू येतंय इथून.

तेव्हा एकच गोष्ट करून बघा, फार नाही सांगत. सातव्यांदा लावाल तेव्हा (लावालच) सुरुवातीलाच एक छोटा ट्रॅक आहे, दोन-सव्वादोन मिनिटांचा, एक बाई त्याला आधी तोंडाला येईल ते सुनावते आणि मग पियानो, ड्रम सगळे सुसाट सुटतात आणि तो त्यांच्या वरताण सुटतो, तो घ्या. पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नका, तो काय म्हणतोय ते गेलं उडत. तो माणूस बोलत नाहीये, सॅक्सोफोन वाजवतोय असं समजा आणि ऐका. कुठे श्वास घेतो, कुठे एकदम सहा-सात शब्द एका फटक्यात कोंबतो, कुठे ठेक्याच्या मागे रेंगाळतो आणि आता गेला हा घसरला असं वाटेस्तोवर परत समेवर येऊन उभा. तुम्हाला तबल्यात जी मजा येत असेल ना, तिहाई आली आणि नेमकी समेवर पडली की मान आपोआप हलते, तीच जागा आहे ही, फक्त इथे बोल म्हणजे खरे शब्द आहेत, अर्थासकट. सॅक्सोफोनचं मी मनाने नाही सांगत. राकिम म्हणून रॅपर आहे, १९८७ मध्ये त्याचा ‘पेड इन फुल’ आला, तो लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा आणि जॅझमधला थोर सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ऐकून वाढलेला. त्याच्या आधी बहुतेक मंडळी ओळ संपली की यमक, ओळ संपली की यमक, असं आणि तेही ओरडून. हा आला तो शांत आवाजात, आणि यमक ओळीच्या पोटात, मधेच, दोन-तीन ठिकाणी पेरत गेला. त्यानंतर ओरडून शेवटी यमक जुळवणं पोरकट वाटायला लागलं लोकांना.

हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतेय पण मी स्वतः कशी शिरले ते ऐका. मला जॅझमधला उभा बास, तो मोठा डबल बास, त्याचं वेड. आणि रॅप म्हटलं की नाक मुरडणं, अगदी तुमच्यासारखंच, फक्त माझा डायलॉग तुमच्याइतका पॉप्युलर नव्हता. एका मित्राने ‘द लो एंड थिअरी’ हातात ठेवला, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप ग्रुपचा १९९१ चा अल्बम. मी म्हटलं रॅप नको रे. तो म्हणाला तू रॅप ऐकूच नको, एका गाण्यात रॉन कार्टर बास वाजवतोय तेवढा ऐक. रॉन कार्टर म्हणजे साठच्या दशकात जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्याबरोबर वाजवणारा, आता त्याला नाही कसं म्हणणार. तर मी आपली भांडी घासताना बास ऐकायचे आणि वर जे दोघं-तिघं बोलतायत त्यांना शेजारच्या टेबलावरची गर्दी समजून सोडून द्यायचे. पंधरा एक दिवसांनी एकदा असंच कढई घासत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी हाताने बासचा ठेका नाही धरलेला, मी त्या बोलण्याचा धरलाय. काथ्या त्याच्या शब्दांवर फिरत होता! मला आठवतंय मी नळ बंद केला आणि परत पहिल्यापासून लावलं. तेव्हा तुमची इस्त्री आणि माझी कढई एकाच जातीची. हात गुंतलेले असले की कान जरा कमी उद्धटपणे वागतात असं माझं आपलं मत झालंय.

आणि त्यानंतर मला सगळं रॅप आवडायला लागलं का, तर मुळीच नाही. अजूनही दहातले सात मी बंद करते. माझ्या गाड्या, माझे पैसे, मी किती थोर, याची तीन तीन मिनिटं मला नाही झेपत. तुम्हालाही नको आवडायला. एक अल्बम आवडला म्हणून कुणी तुम्हाला सभासद करून घेत नाहीये. कादंबऱ्या न वाचणाऱ्या माणसाला एक कादंबरी आवडली तर आपण त्याला काही लायब्ररी उघडायला सांगत नाही. तुम्हाला फक्त ‘रॅप’ हा शब्द जरा सांभाळून वापरावा लागेल, एवढंच नुकसान.

शिव्या. हो, आहेत, भरपूर आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून एक गंमत सांगते, १९८५ मध्ये अमेरिकेत काही राजकारण्यांच्या बायकांनी आवाज उठवला की मुलं काय वाट्टेल ते ऐकतायत, तेव्हापासून अशा रेकॉर्डींवर इशारा छापायला लागले, तो काळा-पांढरा चौकोन असतो ना, त्यावर मजकूर पालकांसाठीच असतो. पालकहो सावधान. आणि तुमच्या घरात लेक बाहेरगावी आणि पालक चोरून ऐकतायत.

पण मी यात सरसकट सूट देणार नाही. सगळ्या शिव्या एका मापाच्या नसतात. त्या अल्बममध्ये एक गाणं आहे ज्यात तो हॉटेलच्या खोलीत दारू पिऊन रडत रडत आरशातल्या माणसाला बोलावं तसं स्वतःला बोलतोय, बाटलीचा आवाज येतो, आवाज फाटतो. तिथली शिवी काढून टाकली तर ते खोटं होईल, त्या अवस्थेतला माणूस शुद्ध बोलत नाही. आणि दुसरीकडे रॅपमध्ये बायकांबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं बरंच नुसतं घाण आहे, ते कलेचं वगैरे काही नाही, आणि अमुक परिस्थितीतून आलेत म्हणून समजून घ्या हे ऐकून ऐकून मी कंटाळलेय. जिथे टोचतं तिथे टोचू द्या, आवडलं म्हणून त्याचं वकीलपत्र घ्यायची गरज नाही. तुमच्या मुलीलाही टोचत असेलच कुठेतरी, तिने चार वर्षं ऐकलंय, तिचं याबद्दल काही म्हणणं असेल. विचारलंय कधी?

तर आलो मुलीवर. तुम्हाला भीती कशाची, ती ऐकवेल याची. ऐकवू दे की. चार वर्षं तुम्ही ऐकवलंत, आणि चार लोकांत ऐकवलंत, ती तिथेच बसलेली असणार ना त्या डायलॉगच्या वेळी? लोक हसत असतील आणि तीही हसली असेल, पोरं हसतात. १५ वर्षांच्या मुलीला जे सगळ्यात जवळचं वाटत होतं त्याची टिंगल हा तुमचा हातखंडा आयटम होता, हे मात्र तुम्ही पत्रात फेमस आहे असं लिहून सोडून दिलंत. मला तुमच्या रॅपपेक्षा हे जास्त खटकलं. स्पष्ट बोलते म्हणून राग मानू नका, तुम्ही विचारलंत.

काय करायचं नाही ते आधी सांगते, कारण नवीन बाटलेला फार बांग देतो. तिला फोन करून अल्बम समजावून सांगू नका. ती कविता, तो टुपाक, तो कोल्ट्रेन, जे मी वर सांगितलं त्यातलं एक अक्षर तिला ‘तुला माहितीये का’ करून सांगू नका, तिला माहितीये. केंड्रिकला नंतर दुसऱ्या एका अल्बमसाठी २०१८ मध्ये पुलित्झर मिळालं, संगीताचं ते बक्षीस तोवर शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कधीच गेलं नव्हतं, हे वाचून तुम्हाला वाटेल चला आता अभिमानाने सांगता येईल, तर तेही नको. बक्षीस मिळालं म्हणून आवडलं असं तिला वाटलं तर सगळं मुसळ केरात. ‘बाकी सगळा कचरा पण हा एक वेगळा आहे’ हे तर अजिबातच नको, ते वाक्य तुमच्या तोंडात तयार आहे मला माहितीये, गिळा ते.

तिला एक प्रश्न पाठवा. साधा, खरा, तुम्हाला पडलेला. ‘अगं तो शेवटी हाक मारतो आणि समोरून उत्तर येत नाही, ते ऐकून मला कसंसंच झालं. तुला पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं होतं?’ बस्स. आणि डायलॉगबद्दल वेगळं, दुसऱ्या मेसेजात किंवा ती घरी आल्यावर, एका वाक्यात सॉरी म्हणा, लांबण लावू नका, आपण कसे बदललो याची गोष्ट तिला सांगत बसू नका. पुढच्या वेळी लोक जमतील आणि कुणीतरी म्हणेल, हां, ते रॅपवालं म्हणा ना एकदा. तेव्हा म्हणू नका. काहीतरी वेगळं बोला, विषय बदला, तेवढं जमतं हो माणसाला.

पुढे काय ऐकू हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. मला सुराच्या माणसासाठी लॉरिन हिल सुचते, ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’, १९९८ चा, ती रॅपही करते आणि गातेही आणि दोन्हीत कुणाच्या हाती लागत नाही. आणि हात गुंतवून ठेवायला कपडे कमी असतील तर नास या रॅपरचा ‘इलमॅटिक’, १९९४ चा, ४० मिनिटांच्या आत संपतो. पण खरं म्हणजे माझी यादी कशाला, तिची मागा.

आता शेवटचं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलंय.

तुमचा स्पीकर खराब नाहीये. तुम्ही म्हणताय तो तिच्या अकाउंटवर चालतो. बऱ्याच ॲपवर एका अकाउंटवर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं, दुसरीकडे कुणी लावलं की पहिलीकडचं बंद पडतं. म्हणजे तुम्ही इकडे इस्त्रीच्या टेबलापाशी अल्बम लावलात की तिकडे तिच्या कानातलं गाणं मधेच बंद. तिने वैतागून पुन्हा लावलं की तुमचं बंद. तुम्ही पुन्हा लावलंत की तिचं. पहिल्या दोन-तीन वेळी हे झालं असणार. मग तिने फोनवर बघितलं असणार कोण वाजवतंय, तर स्क्रीनवर घरच्या स्पीकरचं नाव आणि त्याच्याखाली ‘टू पिंप अ बटरफ्लाय’. आणि ते पुन्हा पुन्हा. तुमच्या घरात त्या वेळी कोण असतं हे तिला ठाऊक आहे, आईने लावलं असेल असं तिला वाटलं असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि तुम्ही लिहिताय आताशा बंद पडत नाही, बरा चालतो.

स्पीकर काही आपोआप दुरुस्त होत नसतो. तिने पुन्हा लावणं सोडलंय. तुमचं चालू झालं की ती स्वतःचं बंद होऊ देतेय, ७९ मिनिटं, आणि तुम्हाला एका शब्दाने बोललेली नाही. तेव्हा सांगू का न सांगू हा प्रश्न तुमच्याकडे उरलेलाच नाही, तो मेसेज तेवढा पाठवा.

आणि फॅमिली प्लॅन घ्या हो. परीक्षा आल्या असतील तिच्या.